मुखदुर्बळाचं पाणी

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तो नमुने तपासायचा, आणि त्याच्या आयुष्यात स्थिर म्हणावी अशी ती नोकरी तेवढी होती. बाकी सगळं हलत असे. बसला की गुडघा हले, उभा राहिला की टाच हले, झोपला की पलंग हले. घरी त्याला चुळबुळे म्हणत. खात्यातही चुळबुळेच म्हणत, फक्त तिथे नुसतं बरं दिसत नाही म्हणून मागे 'साहेब' जोडत.

लग्नानंतर लगेचच बायकोने यावर तोडगा काढला होता. गुडघा हलू लागला की ती त्यावर तळहात ठेवी, उडणाऱ्या कागदावर पेपरवेट ठेवावा तसा. कागद तेवढ्यापुरता थांबे. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. हात हलला की काच गेली, असं ते काम. अशा बाईने अशा माणसाशी का लग्न केलं, याचं उत्तर दोघांच्या आयांनी आपापल्या परीने शोधलं होतं. दोन्ही उत्तरं चुकीची होती, आणि दोन्हींत दुसऱ्या बाजूचा काहीतरी डाव होता.

आज सकाळी मात्र पेपरवेट चालत नव्हता. वंध्यत्व उपचार केंद्रातल्या छोट्या खोलीत दोघं शेजारी बसली होती आणि तिचा हात त्याच्या गुडघ्यासकट हलत होता.

समोर भ्रूणतज्ज्ञ बाई होत्या. शरीराबाहेर जुळवलेले गर्भ सांभाळायचे, वाढतायत का पाहायचं आणि कुठला पोटात ठेवण्याजोगा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. या दोघांची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. डोळ्यांत पाणी न आणता बायकोने घरी सांगून टाकलं होतं की ही शेवटची. यापुढे सुया नाहीत, गोळ्या नाहीत, "या वेळी काय झालं?" असं विचारणारे शेजारी नाहीत. शिवाय तिची पिशवी जुळ्यांचा भार घेणारी नाही, म्हणून एकाच वेळी एकच गर्भ ठेवायचा, असा डॉक्टरांचा दंडक होता. दुसरा गोठवून ठेवता येतो, पण गोठवलेल्यासाठी पुन्हा इथे यावं लागतं, आणि ती येणार नव्हती.

बाईंनी पडद्यावर दोन चित्रं लावली. या खेपेला तयार झालेल्या गर्भांपैकी तग धरून राहिलेले हे दोनच, नंबर दोन आणि नंबर पाच. नंबर दोन पाहताक्षणी नजरेत भरला. गोल, रेखीव, पेशी कशा हारीने बसलेल्या. नंबर पाच एका बाजूने दबलेला, कडेला थोडा कचरा, वर्गातल्या शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या मुलासारखा. चुळबुळ्यांनी मनातल्या मनात बारसं उरकून टाकलं. दोन म्हणजे देखणा. पाच म्हणजे मुखदुर्बळ.

बाई म्हणाल्या की पूर्वी त्या नुसत्या रूपावरून निवड करीत, आणि मग नंबर पाचबद्दल बोलायचंच कारण उरलं नसतं. पण आता केंद्रात आणखी एक तपासणी सुरू झाली होती. प्रत्येक गर्भ खाऊच्या एका थेंबात ठेवलेला असतो. तो थेंबातली साखर खातो, प्रथिनांचे काही कण घेतो, काही टाकतो. त्याला मुळीच हात न लावता, तो ज्या थेंबात राहिला तो थेंब तपासायचा. त्यावरून आत कसं चाललंय याचा अंदाज येतो.

"म्हणजे तुम्ही पाणी तपासता," चुळबुळे म्हणाले, आणि खुर्चीत सरसावून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच या इमारतीत कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. गेल्या दोन खेपांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारू दिला नव्हता, म्हणजे विचारण्याजोगा त्यांना सुचला नव्हता. आता सुचला. ज्या थेंबात काहीच ठेवलेलं नाही, त्याचंही पाणी तपासलंत का? कारण रिकाम्याचा हिशेब नसेल तर भरल्याने काय खाल्लं हे कळणार कसं? प्रश्न विचारून त्यांनी बायकोकडे पाहिलं. चोर पकडलेल्या माणसाचा चेहरा त्यांना आपोआप साधला होता.

बाईंनी शांतपणे सांगितलं की त्याच तबकडीत रिकामे थेंब ठेवलेलेच असतात, तेवढाच वेळ, तेवढ्याच उबेत, आणि त्यांचं पाणी आधी तपासतात. मग विचारलं, "आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. चोर सुटला आणि तो चेहराही उतरला. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं; हसू आलं की ती खिडकीबाहेर पाही.

मग बाई मुद्द्यावर आल्या. देखणा त्याच्या थेंबातलं बकाबका खात होता आणि नको ते भरपूर टाकत होता. अशी धावपळ बऱ्याचदा आत डागडुजी चालू असल्याची खूण असते. मुखदुर्बळाच्या थेंबात फारशी उलथापालथ नव्हती. लागेल तेवढंच घेतलेलं, थोडंच टाकलेलं. शांत.

"खातो फार आणि पसारा करतो," बायको देखण्याच्या चित्राकडे पाहत म्हणाली. "हा तर तुझाच."

बाई पहिल्यांदाच हसल्या. पण लगेच म्हणाल्या की रूप एक सांगतंय आणि पाणी दुसरं. त्यांचा स्वतःचा कल पाण्याकडे, म्हणजे पाच नंबरकडे आहे. पण फरक थोडा आहे, पद्धत नवी आहे, आणि खात्री विचाराल तर ती यात कुणालाच नाही. दोन तपासण्यांचं जमत नसलं की शेवटचा शब्द नवरा-बायकोचा, असा केंद्राचा नियम होता. उद्या सकाळी सांगा, म्हणाल्या.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर बायकोने चपलेचा पट्टा नीट केला आणि न बघताच म्हणाली, "तू ठरव."

"मी?"

"आतापर्यंत जे झालं ते सगळं माझ्या अंगावर झालं. हे एवढं तुझ्या अंगावर घे."

जो माणूस शर्टाचा रंग ठरवायला दोन दुकानं आणि एक भांडण घेतो, त्याच्यावर हे काम येऊन पडलं होतं. नोकरीत त्याला ठरवावं लागत नसे. तिथे पाणी पिण्यायोग्य असे किंवा पिण्यास अयोग्य असे. 'दिसायला योग्य पण स्वभावाने अयोग्य' असा रकाना खात्याने छापलेला नव्हता.

तो कामावर निघाला आणि वाटेतच आईचा फोन आला. आईला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्याने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि एकाच शब्दावर अडली.

"पाणी जोखतात? पोटात जायच्या आधीच?"

तसं नाही, असं तो म्हणाला. मग कसं, असं आईने विचारलं. तो समजावू लागला आणि अर्ध्या वाक्यात त्याच्या लक्षात आलं की हे अगदी तसंच आहे. आईचं म्हणणं पडलं की त्यांच्या काळी माणूस जन्माला यायचा, वाढायचा, कामाला लागायचा, आणि मग लोक त्याचं पाणी जोखायचे. "तुझं तर अजून चाललंय," ती म्हणाली.

कुठला निवडू, हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, तरी आईने उत्तर दिलं. तो स्वतः पोटात असताना तिला एक रात्र सलग झोप मिळाली नव्हती. लाथा, कोलांट्या, उचक्या. उलट धाकटा भाऊ इतका गप्प की आत आहे की नाही याची अधूनमधून चौकशी करावी लागे. "अजून करावी लागते," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली, फोन नाही. शांत मुलं दिसायला बरी."

फोन ठेवला तेव्हा चुळबुळ्यांचा कौल जवळजवळ ठरला होता. देखणाच. रूपाने उजवा, खाण्यात आपल्यावर गेलेला, पसारा करणारा, जिवंत! शांतपणाचं कौतुक ज्यांनी करायचं त्यांनी करावं. चुळबुळ्यांच्या घरात शांत पोर आलं तर ते पाहुण्यासारखं राहील, आणि बापाकडे बघून म्हणेल, हा गृहस्थ कोण? त्याला स्वतःलाच हसू आलं आणि मग ते कुठेतरी अडकलं. कारण बाईंचं वाक्य मध्येच डोकं वर काढत होतं. अशी धावपळ बऱ्याचदा आत डागडुजी चालू असल्याची खूण असते.

अशा अवस्थेत तो गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या मागच्या नळावर पोहोचला. त्या गल्लीतून गढूळ पाण्याची तक्रार होती. त्याने पिशवी उघडली. पिशवीत दोन जातींच्या बाटल्या असतात. एक क्षार वगैरे मोजण्याची. ती त्याच नळाच्या पाण्याने आधी चांगली विसळून घ्यायची. दुसरी जंतू तपासण्याची. ती मुळीच विसळायची नाही. तिच्या तळाशी चिमूटभर पावडर असते. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं, ते बाटलीत शिरल्यावरही आपला धंदा चालू ठेवील, म्हणून ही पावडर त्याला तिथल्या तिथे गप्प बसवते. पावडर गेली की जंतू वाटेतच मरतात, आणि प्रयोगशाळेत पोहोचतं ते निर्मळ, निष्पाप, काहीही न सांगणारं पाणी. खात्यात शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हे शिकवतात. शिकवणारे चुळबुळेच असतात.

त्याने दोन्ही बाटल्या विसळल्या. खळखळून, दोन्ही हातांनी, देखण्याच्या शाळेतल्या प्रगतीचा विचार करत.

प्रयोगशाळेत परत आल्यावर त्याने नमुने टेबलावर मांडले, आणि बाटलीचा तळ पाहिला. तळ स्वच्छ होता. असायला नको इतका स्वच्छ. त्याच्या आयुष्यातली स्थिर गोष्ट हलली होती.

कुणाला कळलं नसतं. नमुना लावला असता तर तो झकास स्वच्छ निघाला असता, 'पिण्यायोग्य' असा शिक्का बसला असता, आणि गल्लीने ते पाणी प्यायलं असतं. त्याने बाटली मोरीत ओतली आणि वरच्या साहेबांना जाऊन सांगितलं की नमुना पुन्हा आणावा लागेल, जंतूंची बाटली विसळली. साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "घरी सगळं ठीक?" ठीक आहे, असं तो म्हणाला. साहेबांनी चष्मा परत लावला. तपासणीशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे, पण या नमुन्याला त्यांनी सूट दिली.

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला तेव्हा चुळबुळे पुन्हा त्याच नळाशी उभे होते.

"सकाळी नेलंत ना? काय सापडलं?"

"काही नाही."

"मग परत कशाला?"

"काही सापडणारच नव्हतं म्हणून."

गॅरेजवाल्याने थोडा विचार केला, सरकारी उत्तर आहे हे ओळखलं, आणि पुन्हा गाडीखाली गेला.

नमुना भरण्याआधी नळ थोडा वेळ नुसता वाहू द्यायचा असतो. नळाच्या नळीत साचलेलं उभं पाणी आधी जाऊ द्यायचं. मुख्य वाहिनीतलं काय येतंय ते त्याच्यामागून येतं. या वेळात करण्यासारखं काही नसतं. इतर दिवशी चुळबुळे या वेळात गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारून येत. आज ते नळाकडे बघत उभे राहिले. बाईंनी सकाळी सगळं सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता, आपला कल कुठे आहे तेही. आणि आपण काय केलं? आईला फोन केला. म्हणजे आईने केला. पण उचलला कोणी? त्यांना एकदम स्वतःचे दोन्ही हात दिसले, बाटली विसळणारे. बाईंचं सांगणंही त्यांनी तसंच धुऊन टाकलं होतं. खळखळून.

नळाचं पाणी निवळलं. त्यांनी जंतूंची बाटली उघडली, न विसळता भरली, आणि मुखदुर्बळ ठरला.

ठरला, आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा डळमळला. संध्याकाळी जेवताना चुळबुळ्यांच्या गुडघ्याने टेबल हलत होतं आणि पेल्यांतलं पाणी गोल गोल शहारत होतं. बायकोने तळहात ठेवला नाही. आपण कुठला ठरवला, हे ती विचारील म्हणून तो वाट पाहत होता. तिने भात वाढून घेतला. शेवटी त्यानेच सुरुवात केली. दुपारी ठरवलं होतं, पण आता दोन्ही सारखेच वाटतात. इकडून पाहिलं तर हा बरा, तिकडून पाहिलं तर तो. काही कळेनासं झालंय. "चुकलं तर तू मला आयुष्यभर काही बोलणार नाहीस," तो म्हणाला. "त्याचीच भीती वाटते."

ती जेवायची थांबली.

"आमच्याकडे डोळे तपासताना गिऱ्हाइकाला दोन काचा आलटून पालटून दाखवतात," ती म्हणाली. "ही बरी की ही? ही बरी की ही? सुरुवातीला लोक ठामपणे सांगतात. शेवटी शेवटी रडकुंडीला येतात. म्हणतात, दोन्ही सारख्याच दिसतात हो, माझ्या डोळ्यांत काही बिघडलंय का?"

"मग?"

"मग काही नाही. दोन्ही सारख्या दिसल्या की नंबर बरोबर आला असं समजायचं."

तिने ताट उचललं. जाताना म्हणाली की चुकलं तर ती बोलेल, भरपूर बोलेल, त्याने निवडलेल्या पडद्यांच्या रंगापासून सुरुवात करील. ती काळजी त्याने करू नये. अनेक महिन्यांत त्याला कुणी इतकं धीराचं बोललं नव्हतं.

सकाळी केंद्रात बायकोला आत नेलं, कपडे बदलायला. चुळबुळे कॉरिडॉरमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरले. भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो होते, सगळी एकजात देखणी. मुखदुर्बळ बाळाचा फोटो कुणी लावत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना उगाचच राग आला. कालपर्यंत ज्याच्याविरुद्ध ते मत देणार होते, त्याची बाजू घेऊन ते भिंतीशी भांडत होते.

बाई दारात आल्या, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. काय ठरलं, असं त्यांनी विचारलं.

चुळबुळ्यांनी तोंड उघडलं. कालपासून पाठ केलेला शब्द जिभेवर होता, पण त्याच्या पुढे सवयीचं दुसरंच वाक्य येऊन उभं राहिलं. "मॅडम, तुम्हाला जो योग्य..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसचा निरोप आहे. 'तुम्हाला योग्य वाटेल तो' असं म्हणाले तर त्यांना आणखी एक फेरी मारून यायला सांगा."

त्यांनी फेरी मारली. खरोखर मारली, त्या भिंतीपर्यंत जाऊन परत. आणि मग म्हणाले, "पाच. शांत आहे तो."

बाईंनी मान हलवली, आत जायला वळल्या, आणि थबकल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले होते. त्या म्हणाल्या की पाच नंबर निवडलात, छान. पण 'शांत' म्हणालात ते मात्र आता खरं नाही. या, दाखवते.

बायको आत पलंगावर निजली होती, अंगावर हिरवी चादर. पडद्यावर पाच नंबरचं आज सकाळचं चित्र होतं. गर्भाभोवती एक पातळ कवच असतं; ते फोडून त्याला बाहेर यावं लागतं, तरच तो आईच्या पोटात रुजू शकतो. मुखदुर्बळाने रात्रीतून ते एका बाजूला फोडलं होतं आणि त्या फटीतून अर्धाअधिक बाहेर लोंबकळत होता, खिडकीतून रस्त्यावर वाकून बघणाऱ्या पोरासारखा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसत होता. बाई म्हणाल्या की हे चांगलं लक्षण आहे; खात्री नव्हे, चांगलं लक्षण. देखणा अजून आपल्या कवचात नीटनेटका बसून होता.

बायको मान तिरकी करून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"एका जागी थांबवत नाही," ती म्हणाली. "हाही तुझाच."

पुढचं काम थोडक्यात झालं. डॉक्टर आले. बाईंनी आतल्या खिडकीतून एक बारीक नळी आणून दिली. पोटातलं दाखवणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर एक चिमुकला पांढरा ठिपका क्षणभर चमकला आणि आपल्या जागी जाऊन राहिला. डॉक्टर गेले. बाईंनी जाता जाता सांगितलं की थोडा वेळ पडून राहा, मग घरी जा, आणि रक्ताच्या तपासणीपर्यंत तर्क लढवत बसू नका. असं सांगणं त्यांचं कामच होतं, आणि कुणी ऐकत नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

दोघंच उरली. चुळबुळे पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने त्यांना काहीतरी चमत्कारिक जाणवलं, काय ते चटकन कळेना. मग त्यांनी खाली पाहिलं. गुडघा हलत नव्हता. दोन्ही गुडघे शहाण्यासारखे बसले होते, टाचा जमिनीला टेकलेल्या.

चादर मात्र हलत होती. बायको छताकडे पाहत होती, चेहरा काच बसवताना असतो तसा. आणि चादरीखाली तिच्या पायाची बोटं एकसारखी वर-खाली, वर-खाली होत होती. तिला ते माहीत नसावं.

त्याने तिच्या पावलावर तळहात ठेवला. बोटं तेवढ्यापुरती थांबली.